पदवीची भाषा : म्हैसूर विद्यापीठाच्या इतिहासातील एक प्रकरण

२७ जुलै १९१६ रोजी म्हैसूर संस्थानात कायद्याने एक विद्यापीठ अस्तित्वात आले. कलकत्ता, मुंबई, मद्रास, पंजाब आणि अलाहाबाद येथील आधीची विद्यापीठे ब्रिटिश सत्तेने निर्माण केलेली होती. ब्रिटिश अमलाबाहेरच्या प्रदेशात, देशी राजाच्या इच्छेने उभे राहिलेले हे पहिलेच विद्यापीठ. नाल्वडी कृष्णराज वडेयर त्याचे कुलपती झाले, एच. व्ही. नंजुंडय्या पहिले कुलगुरू. म्हैसूरचे महाराजा महाविद्यालय आणि बंगलोरचे सेंट्रल कॉलेज ही दोन महाविद्यालये तोवर मद्रास विद्यापीठाच्या परीक्षांना विद्यार्थी बसवीत. ती आता स्वतःच्या विद्यापीठाची झाली. अभ्यासक्रम आपला, परीक्षक आपले, पदवी आपली. या सर्व स्वातंत्र्यात एक गोष्ट मात्र मद्रासची होती तशीच राहिली. शिकवण्याची आणि परीक्षेची भाषा इंग्रजीच ठेवण्यात आली, आणि हा निर्णय कोणी बाहेरून लादलेला नव्हता, हे विशेष.

या निर्णयाचे मर्म कळण्यासाठी त्याच वर्षी घडलेल्या दुसऱ्या एका घटनेकडे पाहिले पाहिजे. १९१६ मध्येच धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केले. त्यांच्यामागे ना राजा होता ना कायदा. त्यांच्या पदवीला सरकारदरबारी मान्यता नव्हती, आणि कायद्याचा आधार मिळण्यास १९५१ साल उजाडावे लागले. तरीही त्यांनी पहिल्या दिवसापासून मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचे ठरवले. ज्याच्या हाती सत्ता नव्हती त्याने भाषा निवडली आणि ज्याच्या हाती सत्ता होती त्याने ती निवडली नाही, असा हा विरोधाभास आहे. परंतु तो दिसतो तितका सरळ नाही. कर्व्यांच्या विद्यार्थिनींना त्या पदवीवर नोकरी मिळवायची नव्हती. निदान संस्थापकांच्या मनात तो हेतू प्रधान नव्हता. म्हैसूरच्या पदवीधराला मात्र मद्रासमध्ये, कलकत्त्यात, प्रसंगी केंब्रिजमध्येही आपल्या पदवीचे मोल वटवून घ्यायचे होते. नव्या विद्यापीठाला आपले नाणे खणखणीत असल्याचे दाखवणे भाग होते, आणि त्या काळी नाण्याची पारख इंग्रजीतच होत असे.

विद्यापीठाच्या कल्पनेमागे दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा आग्रह होता, आणि या आग्रहाची पाळेमुळे काही अंशी पुण्यात सापडतात. बंगलोरला बी. ए. झाल्यावर अभियांत्रिकी शिकण्यासाठी त्यांना संस्थानच्या साहाय्याने पुण्याच्या सायन्स कॉलेजात यावे लागले, कारण संस्थानात ती सोयच नव्हती. १८८३ मध्ये ते मुंबई विद्यापीठाची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि पुढची पंचवीस वर्षे मुंबई इलाख्याच्या नोकरीत नाशिक, धुळे, पुणे अशा गावी वावरले. रानडे आणि गोखले यांच्या वर्तुळाशी त्यांचा परिचय होता. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटमध्ये देशी भाषांना अभ्यासक्रमात स्थान मिळावे म्हणून रानडे आयुष्याच्या अखेरीपर्यंत झगडले, ही गोष्ट त्यांच्या कानी गेली नसेल असे मानणे कठीण आहे. पण विश्वेश्वरय्यांची दृष्टी उद्योगावर होती. विद्यापीठापाठोपाठ १९१७ मध्ये बंगलोरला अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, ते याच दृष्टीचे फळ. ज्या विद्येसाठी आपल्याला परमुलखात जावे लागले ती पुढच्या पिढीला घरात मिळावी, एवढे त्यांनी साधले. ती घरच्या भाषेत मिळावी, हा प्रश्न त्यांनी प्रथम क्रमांकाचा मानला नाही.

इंग्रजी ठेवल्याचा लाभही झाला, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. १९१८ ते १९२१ या काळात महाराजा महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवण्यासाठी सर्वपल्ली राधाकृष्णन मद्रासहून आले. १९२१ मध्ये बंगालचे तत्त्वज्ञ ब्रजेंद्रनाथ सील कुलगुरू झाले आणि १९३० पर्यंत त्या पदावर राहिले. ए. आर. वाडिया हे मुंबईचे पारशी. म. हिरियण्णा यांच्यासारखा संस्कृतचा आणि भारतीय दर्शनांचा अधिकारी पुरुष म्हैसूरचाच होता, पण त्याचे ग्रंथ इंग्रजीमुळे जगभर वाचले गेले. कन्नड हीच अध्यापनाची भाषा असती तर यांपैकी कितीजण त्या वर्गांत उभे राहू शकले असते? शिवाय हैदराबादेतला अनुभव समोर होता. १९१८ मध्ये निजामाने उस्मानिया विद्यापीठ काढले, त्यात उर्दूतून शिक्षण दिले आणि पुस्तकांसाठी स्वतंत्र भाषांतर विभाग उभारला. देशी भाषेतून विद्यापीठ चालते, हे उस्मानियाने सिद्ध केले. परंतु निजामाच्या राज्यातल्या बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. मराठवाड्यातल्या मुलाला तेथे इंग्रजीच्या जागी उर्दू मिळाली, स्वतःची भाषा नव्हे. देशी भाषा म्हणजे कोणाची भाषा, हा प्रश्न उस्मानियाने निर्माण केला आणि तो पुढे म्हैसुरातही वेगळ्या रूपाने परत आला.

प्रारंभीच्या दशकांत म्हैसूर विद्यापीठाचा कारभार संस्थानच्या कारभारापासून फारसा वेगळा काढता येत नाही. महाराज कुलपती होते, पैसा सरकारचा होता, महाविद्यालये सरकारी होती. ब्रजेंद्रनाथ सील कुलगुरू असतानाच संस्थानच्या राज्यघटना-सुधारणा समितीचे अध्यक्ष झाले, यावरून ही जवळीक लक्षात येते. अशा रचनेत प्राध्यापकांनी धोरण ठरवावे ही अपेक्षाच नसते. सभागृहात बोलावे, निर्णय दरबारात व्हावा, अशी रीत असते. त्यामुळे कन्नडचा प्रवेश विद्यापीठाच्या महाद्वारातून झाला नाही, तो बाजूच्या दाराने झाला. ते दार उघडणारा माणूस इंग्रजीचा प्राध्यापक होता, ही नियतीची थट्टा म्हणावी. बी. एम. श्रीकंठय्या यांनी १९११ मध्ये धारवाडला कन्नडच्या उत्कर्षाचा मार्ग कोणता या विषयावर भाषण केले होते. पुढे त्यांनी इंग्रजी कवितांची कन्नड रूपांतरे केली आणि एका पिढीला नव्या कवितेची वाट दाखवली. विद्यापीठ स्थापन होऊन अकरा वर्षे लोटल्यावर, १९२७ मध्ये, कन्नडचा एम. ए. चा वर्ग सुरू झाला, टी. एस. वेंकण्णय्या हे कन्नडचे पहिले प्राध्यापक. १९४६ मध्ये विद्यापीठाने इंग्रजी–कन्नड शब्दकोश प्रसिद्ध केला. ठराव कोणताही नसताना कोश तयार होतो, याचा अर्थ काम करणारी माणसे ठरावाची वाट पाहत बसली नव्हती.

कन्नड एम. ए. च्या त्या पहिल्यावहिल्या विद्यार्थ्यांत मलनाडमधून आलेला, शेतकरी घराण्यातला एक तरुण होता. कुप्पळी वेंकटप्पा पुट्टप्पा हे त्याचे नाव. ‘कुवेंपु’ या नावाने तो पुढे कन्नडचा महाकवी झाला. विद्यार्थिदशेत तो इंग्रजीत कविता लिहीत असे आणि तसा एक छोटा संग्रहही त्याने छापला होता. म्हैसूरला आलेल्या जेम्स कझिन्स या आयरिश कवीला त्याने त्या कविता दाखवल्या, तेव्हा कझिन्सने त्याला स्वतःच्या भाषेत लिहिण्यास सांगितले. ही कथा कन्नड वाङ्मयेतिहासात सर्वश्रुत आहे आणि बहुधा ती कवीच्या जागृतीची कथा म्हणून सांगितली जाते. विद्यापीठाच्या इतिहासातही तिला अर्थ आहे. स्वतःच्या भाषेत लिहिण्याची परवानगी एका परदेशी पाहुण्याकडून मिळावी, इतके त्या विद्यापीठाचे वातावरण इंग्रजीने व्यापलेले होते.

१९५६ हे साल या इतिहासात निर्णायक ठरले. त्या वर्षी विद्यापीठाला स्वायत्तता मिळाली आणि सरकारी छायेतून ते बाहेर आले. महाराजा महाविद्यालयाचे प्राचार्य असलेले कुवेंपु कुलगुरू झाले. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना होऊन जुन्या संस्थानात मुंबई, हैदराबाद आणि मद्रास राज्यांचे कन्नड जिल्हे व कुर्ग मिळाले. (मराठी वाचकाला त्या तारखेची आठवण बेळगावमुळे वेगळीच आहे, पण तो विषय निराळा.) कन्नड भाषकांचे एक राज्य झाल्यावर विद्यापीठाच्या भाषेचा प्रश्न टाळता येण्याजोगा राहिला नाही.

कुवेंपुंची भूमिका पुष्कळदा चुकीची समजली गेली. इंग्रजीला त्यांचा विरोध नव्हता. इंग्रजीच्या सक्तीला होता. ज्याला इंग्रजीतून शिकायचे त्याने शिकावे, पण खेड्यातल्या मुलाला विज्ञान समजण्याआधी परकी भाषा ओलांडावी लागू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. त्यामुळे कन्नड हे पर्यायी माध्यम म्हणून आले. परंतु पर्याय नुसता जाहीर करून भागत नाही. पुस्तक नसेल तर पर्याय कागदावर राहतो, हे शिक्षक असलेल्या कुलगुरूला ठाऊक होते. म्हणून कुक्करहळ्ळी तलावालगत त्यांनी जो नवा विद्यापरिसर वसवला आणि ज्याला ‘मानसगंगोत्री’ हे नाव दिले, त्याच्या कल्पनेत अध्ययनांग आणि संशोधनांग यांच्या जोडीला प्रसारांग हे तिसरे अंग होते. पुस्तके छापणे आणि व्याख्यानांद्वारे विद्या गावोगावी नेणे हे त्याचे काम. वर्ग, प्रयोगशाळा आणि छापखाना यांना एकाच पंगतीत बसवणारी ही रचना कुवेंपुंच्या कारकिर्दीचे सर्वांत टिकाऊ कार्य ठरले, असे म्हणावे लागते. १९६० मध्ये ते निवृत्त झाले.

पुढे त्यांचे शिष्य डी. जवरेगौडा १९६९ पासून सहा वर्षे कुलगुरू होते. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या कन्नड अध्ययन संस्थेने कोश, संपादने, अनुवाद यांचा धडाका लावला. १९६९ मध्ये कन्नड विश्वकोशाचा पहिला खंड निघाला. चौदा खंडांचे हे काम विद्यापीठानेच तडीस नेले. येथे मराठीशी तुलना सहज सुचते. मराठी विश्वकोश वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली झाला आणि तो शासनाने नेमलेल्या मंडळाकडून झाला, विद्यापीठाकडून नव्हे. पदवी अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकेही महाराष्ट्रात नागपूरच्या विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाकडे सोपवली गेली. दर्जात वाईचे काम कोठेही उणे नाही. पण विद्यापीठाच्या बाहेर झालेले ज्ञानकार्य विद्यापीठाच्या वर्गात हक्काने शिरत नाही, आणि मराठीतून शिकवणाऱ्या प्राध्यापकाला त्याची किंमत मोजावी लागली.

याच सुमारास देशभर हा वाद पेटला होता. विद्यापीठांत प्रादेशिक भाषा आणण्याच्या केंद्राच्या धोरणाच्या निषेधार्थ मो. क. छागला यांनी १९६७ मध्ये परराष्ट्रमंत्रिपदाचा राजीनामा दिला. देशाच्या विद्येचे तुकडे होतील, ही त्यांची भीती होती. १९६८ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तरीही प्रादेशिक भाषांच्या बाजूने कौल दिला. छागलांचा आक्षेप वरून आलेला होता. कन्नड माध्यमाला खरा हादरा देणारा आक्षेप खालून आला, आणि तो म्हैसुरातच उच्चारला गेला.

१९७३ च्या नोव्हेंबरमध्ये म्हैसुरातल्या एका सभेत देवराज अर्स यांच्या मंत्रिमंडळातले दलित मंत्री बी. बसवलिंगप्पा म्हणाले की, कन्नड साहित्यात ‘बूसा’ फार आहे. बूसा म्हणजे भुसा, गुरांपुढे टाकायचे खाद्य. दलित मुलांनी इंग्रजी शिकावे, असे त्यांचे सांगणे होते. राज्यभर आगडोंब उसळला. भाषाभिमानी विद्यार्थी रस्त्यावर उतरले, दलित विद्यार्थ्यांना मारहाण झाली, मंत्र्यांना पद सोडावे लागले. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करणारा हा मंत्री एका शब्दापायी गेला. त्या उद्रेकातूनच पुढे दलित संघर्ष समितीची चळवळ उभी राहिली. महाराष्ट्रात दलित पँथर १९७२ मध्ये स्थापन झाली होती. त्यामुळे मराठी वाचकाला या घटनेची जात सांगावी लागत नाही.

बसवलिंगप्पांच्या उद्गारात भाषेचा अपमान होता की नाही, यावर पुष्कळ लिहिले गेले. त्यातला शैक्षणिक प्रश्न मात्र बाजूला पडला. कन्नडमधून शिकलेल्या खेड्यातल्या मुलाला पदवी मिळाली, पण ज्या कचेऱ्यांत आणि उद्योगांत इंग्रजीचेच राज्य होते तेथे ती पदवी दुसऱ्या प्रतीची ठरली तर? सवर्णांची मुले इंग्रजी माध्यमाकडे आणि दलितांची मुले मातृभाषेकडे, अशी वाटणी झाली तर ज्याला स्वातंत्र्य म्हटले तेच कुंपण होईल. कुवेंपुंनी ज्या मुलासाठी पर्याय मागितला, त्याच मुलाच्या वतीने बसवलिंगप्पांनी त्या पर्यायावर शंका घेतली. दोघेही शिक्षणापासून दूर ठेवल्या गेलेल्या समाजांतून आले होते, आणि दोघांपैकी कोणाचेही म्हणणे खोटे ठरवता येत नाही. मानसगंगोत्रीच्या आवारातला जयलक्ष्मी विलास हा राजकन्येचा वाडा १९६० च्या दशकाच्या अखेरीस लोकसाहित्याचे संग्रहालय झाला. गावकुसाची कला वाड्यात आली. ती जपणाऱ्या समाजांची मुले पदव्युत्तर वर्गांत किती आली, हा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

यानंतरचा इतिहास अधिकार हातून निसटण्याचा आहे. १९६४ मध्येच बंगलोर विद्यापीठ वेगळे होऊन स्थापनेच्या दोन महाविद्यालयांपैकी सेंट्रल कॉलेज तिकडे गेले होते. पुढे मंगळूर आणि शिवमोग्याची पदव्युत्तर केंद्रे १९८० आणि १९८७ मध्ये स्वतंत्र विद्यापीठे झाली. शिवमोग्याच्या विद्यापीठाला कुवेंपुंचे नाव मिळाले. १९७६ मध्ये राज्यातल्या विद्यापीठांसाठी एकच कायदा आला, २००० मध्ये दुसरा. त्या दुसऱ्या कायद्याने सिनेटही गेले. महाराष्ट्रात अधिसभा निदान निवडणुकीच्या निमित्ताने तरी गाजते. कर्नाटकात तेवढेही सभागृह उरले नाही. अभ्यासमंडळे आणि विद्वत्सभा आहेत, पण मूळ धोरण बंगळुरूहून येते.

२०२१ मध्ये राज्य सरकारने नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू करून चार वर्षांच्या पदवीची चौकट आणली आणि पदवीला कन्नड हा विषय अनिवार्य केला. सक्तीविरुद्ध याचिका झाल्या; त्यांत संस्कृतच्या संस्था पुढे होत्या. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने ती सक्ती रोखली. इंग्रजीच्या सक्तीविरुद्ध कुवेंपुंनी जो युक्तिवाद केला होता, तोच आता कन्नडच्या सक्तीविरुद्ध न्यायालयात ऐकू आला. २०२३ मध्ये नव्या सरकारने राज्याचे स्वतंत्र धोरण ठरवण्यासाठी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष होते अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थशास्त्रज्ञ आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष सुखदेव थोरात. दलितांच्या शिक्षणाचा अभ्यास हा त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा भाग. आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर २०२४ च्या मे महिन्यात पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये अंतिम अहवाल सादर झाला. २०२१ मध्ये दाखल झालेल्या आणि २०२४ मध्ये दाखल झालेल्या विद्यार्थ्यांसाठी म्हैसुरातल्या अभ्यासमंडळांना दोन वेगळे आराखडे करावे लागले. दोन्ही वेळा आराखडा त्यांनी केला, निर्णय त्यांचा नव्हता.