सत्तावीस पाने आणि तीन उत्तरे

पत्त्यांच्या जादूचा एक प्रकार बहुतेक शिक्षकांनी लहानपणी पाहिलेला असतो. २१ पाने घ्यायची, समोरच्याला त्यांतले एक मनात धरायला सांगायचे, पाने तीन ढिगांत वाटायची आणि धरलेले पान कोणत्या ढिगात आहे एवढेच विचारायचे. तो ढीग इतर दोन ढिगांच्या मधे घालून सगळी पाने पुन्हा वाटायची. असे तीन वेळा झाले की अकरावे पान उलटून दाखवायचे. ते त्याचेच निघते.

पूर्वी हा खेळ सुट्टीत आलेल्या मामाकडून शिकला जाई. आता तो मोबाइलवरील चित्रफितीवरून पाच-सात मिनिटांत शिकता येतो. चित्रफीत हवी तिथे थांबवता येते, मागे नेता येते, सावकाश चालवता येते. मामाला अशी कितीही वेळा थांबवण्याची सोय नव्हती! कॅट हातात घेऊन दोन-तीनदा करून पाहिले की खेळ जमतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात दाखवला की मुलेही खूष होतात. मग एखादी मुलगी हळूच विचारते, "पण ते पान तिथेच का येतं?" चित्रफितीत 'मधला ढीग मधेच ठेवा' एवढे सांगितलेले असते. का ठेवायचा, हे सहसा सांगितलेले नसते.

हा प्रश्न चारशे वर्षांपूर्वीही विचारला गेला होता आणि त्याचे उत्तर छापलेही गेले होते. तो इतिहास शिक्षकांच्या उपयोगाचा आहे असे आम्हांला वाटते.

पत्ते युरोपात पोहोचले ते १३७० च्या दशकात. पुढे सव्वाशे वर्षांनी, म्हणजे इ. स. १५०० च्या आसपास, इटलीतील लुका पाचोली या गणितज्ञाने संख्यांच्या सामर्थ्याविषयी एक हस्तलिखित तयार केले. जमाखर्चाची द्विनोंदी पद्धत १४९४ साली छापून प्रसिद्ध करणारा आणि लिओनार्दो दा विंचीचा मित्र असलेला हाच तो पाचोली. त्याच्या हस्तलिखितात कोडी आहेत, हातचलाखीचे प्रयोग आहेत आणि पत्त्यांचे खेळही आहेत. परंतु ते छापले गेले नाही. बोलोन्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ते शतकानुशतके पडून राहिले. जादूची विद्या तोंडातून कानात आणि हातातून हातात, अशीच चालत राहिली.

ती छापील पुस्तकात आली १५८४ साली, आणि एका इंग्रजी पुस्तकात ती ज्या कारणाने आली ते कारण मनोरंजनाचे नव्हते. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने चेटूक करून कोणाचा जीव घेतल्याचा आरोप शाबीत झाल्यास मृत्युदंड होता. आरोपी बहुधा गरीब, म्हाताऱ्या, एकट्या बायका असत. शेजाऱ्याची गाय आटली, मूल दगावले, की बोट त्यांच्याकडे वळे. केंट परगण्यातील रेजिनाल्ड स्कॉट नावाच्या एका गृहस्थाला हे पाहवेना. त्याआधी त्याने लिहिलेले पुस्तक होते हॉप या वेलीच्या लागवडीवर! आता त्याने चेटूक या कल्पनेचाच समाचार घेणारा जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यात एक मोठा भाग हातचलाखीला दिला. नाणी गायब कशी करतात, जिभेतून दाभण आरपार गेल्यासारखा कसा दाखवतात, धडावेगळे शीर ताटात ठेवल्याचा देखावा कसा उभा करतात, हे त्याने सविस्तर लिहिले. बनावट सुऱ्या-दाभणांची चित्रेही दिली. समोरच्याने पाहिलेले पान कसे ओळखावे हेही त्यात आहे. त्याचा मुद्दा सरळ होता: डोळ्यांना अशक्य दिसणारी गोष्ट माणसाच्या बोटांनी घडवता येते, तेव्हा जे समजत नाही ते सैतानाचे, असा निष्कर्ष काढून कोणाला फासावर देऊ नका.

स्कॉटने हे ऐकीव माहितीवर लिहिले नाही. लंडनमध्ये राहणाऱ्या, अंगमेहनतीवर पोट भरणाऱ्या एका फ्रेंच माणसाचे हस्तकौशल्य त्याने पाहिले होते आणि त्याची तोंडभरून स्तुतीही केली आहे. ज्या गरीब खेळवाल्यांचे पोट या गुपितांवर चालते त्यांचे नुकसान होईल याबद्दल त्याने खेदही व्यक्त केला. करमणूक म्हणून केलेल्या हातचलाखीला त्याचा विरोध नव्हता. दैवी शक्तीचा दावा आला, की त्याचा विरोध सुरू होई. पुढे इंग्लंडच्या गादीवर बसलेल्या जेम्स राजाने १५९७ साली, स्कॉटलंडमध्ये राज्य करीत असताना, स्कॉटच्या मताचा निषेध करणारे पुस्तक स्वतः लिहिले. यावरून स्कॉटचा बाण कुठे लागला होता ते कळते.

महाराष्ट्रातील वाचकाला ही कथा परकी वाटू नये. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगावी नारळातून काळी बाहुली काढून दाखवतात आणि लगेच ती कशी निघाली ते सांगतात. पद्धत स्कॉटचीच आहे. सातपुड्याच्या भागात डाकीण ठरवून बायकांचा छळ झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. चलाखीमागची कृती लोकांना सांगणे हे काम सुरक्षित नसते, आजही नाही.

मात्र कृती सांगणे आणि कारण सांगणे यांत अंतर आहे. दाभणाचा मधला भाग वाकवलेला आहे एवढे कळले की तो प्रयोग संपला. विचारण्यासारखे आणखी काही उरत नाही. तीन ढिगांच्या खेळात तसे नाही. तिथे लपवलेले काहीच नसते. पाने उघडी वाटली जातात, हात जलद चालत नाहीत, बनावट पान नसते. संपूर्ण कृती डोळ्यांसमोर घडते, तरी कारण दिसत नाही. त्यासाठी निराळा माणूस लागला.

तो क्लोद गास्पार बाशे. १६१२ साली फ्रान्समधील लिऑन शहरात त्याचे संख्यांच्या रंजक कोड्यांचे पुस्तक निघाले. काही कोडी इतर लेखकांकडून गोळा केलेली, काही स्वतः रचलेली, आणि सर्व सिद्धतांसह, असे त्याने शीर्षकातच जाहीर केले होते. 'सिद्धतांसह' हा शब्द आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. या पुस्तकात ढिगांचा खेळ आहे. (याच बाशेने १६२१ साली डायोफँटसचे अंकगणित लॅटिन भाषांतरासह प्रसिद्ध केले, आणि त्याच ग्रंथाच्या समासात फर्माने आपले ते प्रसिद्ध टिपण लिहिले. कोडी गोळा करणारा माणूस म्हणून बाशेला हलके लेखू नये!)

आता खेळाचे कारण पाहू. २१ ऐवजी २७ पाने घेतली तर ते अधिक स्वच्छ दिसते. २७ पानांचे प्रत्येकी ९ पानांचे तीन ढीग होतात. पहिले उत्तर मिळताच शक्य पाने २७ वरून ९ वर येतात. ढीग एकावर एक ठेवून पुन्हा वाटले की ही ९ पाने तीन ढिगांत तीन-तीन अशी विभागली जातात. दुसऱ्या उत्तराने ३ पाने उरतात. तिसऱ्या वाटपात त्यांतले एकेक पान प्रत्येक ढिगात जाते आणि तिसऱ्या उत्तराने एकच उरते. म्हणजे जादूगार काहीच ओळखत नाही. समोरचाच तीन उत्तरांत त्याला पान सांगून टाकतो, फक्त आपण सांगतो आहोत हे त्याच्या लक्षात येत नाही. एकसारख्या दिसणाऱ्या २७ नाण्यांतले एक वजनदार नाणे तराजूने तीन वजनांत शोधायचे कोडे वर्गात घेतले असेल, तर ते आणि हे एकच आहे.

ढीग मधेच ठेवायला हवा का? नाही. हा प्रश्न पुरता सोडवला तो दोनशे वर्षांनी जोसेफ जेर्गोनने. हा एके काळी तोफखान्यातला अधिकारी होता. नंतर दक्षिण फ्रान्समधील नीम शहरात गणित शिकवू लागला आणि १८१० साली त्याने गणिताचे एक नियतकालिक सुरू केले. संशोधनाबरोबरच गणिताचे अध्यापन सुधारणे हाही त्याचा घोषित उद्देश होता. त्याच्याच १८१३-१४ च्या खंडात जेर्गोनने ढिगांच्या खेळाचे व्यापक रूप मांडले. ३ ढिगांना २७ पाने, म्हणजे ३ चा ३ रा घात. तसे ४ ढिगांना २५६ पाने, आणि असेच पुढे. २५६ पाने चार वेळा वाटून दाखवणारा जादूगार प्रेक्षक टिकवू शकेल का, हा प्रश्न गणिताच्या कक्षेबाहेरचा.

त्याचा निष्कर्ष २७ पानांपुरता असा मांडता येईल. पाने एकेक करून उघडी वाटायची, ढीग गोळा करून गड्डी पालथी करायची. पालथ्या गड्डीत सांगितलेल्या ढिगाच्या वर किती ढीग आहेत ते मोजा: ०, १ किंवा २. पहिल्या खेपेची संख्या एकने, दुसऱ्या खेपेची तीनने आणि तिसऱ्या खेपेची नऊने गुणून बेरीज करा. तितकी पाने धरलेल्या पानाच्या वर असतील. दरवेळी ढीग मधे ठेवला तर १ + ३ + ९ = १३; म्हणजे पान चौदावे, बरोबर मध्यावर. ही ओळखीची त्रिमान पद्धती आहे. दशमान पद्धतीत जसे एकक, दशक, शतक, तसे इथे १, ३, ९.

यातून खेळ उलटाही करता येतो आणि आमच्या मते वर्गात तोच करावा. समोरच्याला पान धरायला सांगा आणि १ ते २७ मधली एक संख्याही निवडायला सांगा. त्याने २० सांगितले, तर पान विसाव्या जागी आणायचे, म्हणजे वर १९ पाने हवीत. १९ ला ३ ने भागा: भागाकार ६, बाकी १. सहाला ३ ने भागा: भागाकार २, बाकी ०. दोनाला ३ ने भागा: भागाकार ०, बाकी २. बाक्या १, ०, २ अशा आल्या. पहिल्या खेपेला ढीग मधे, दुसऱ्या खेपेला सर्वांत वर, तिसऱ्या खेपेला सर्वांत खाली. बाक्या हव्या त्याच क्रमाने मिळतात, त्यामुळे पाने वाटता वाटताच हिशेब होतो. २१ पानांचा पाठ केलेला खेळ करणाऱ्याला हे जमत नाही. त्याच्या हाती एकच जागा असते, अकरावी.

चित्रफितीवर आमचा राग मुळीच नाही. ज्या जादूत बोटांचे काम आहे तिथे तिच्यासारखा गुरू नाही. १८७६ साली 'प्रोफेसर हॉफमन' या टोपणनावाने एका इंग्रज वकिलाने जादूचे मोठे पुस्तक लिहिले तेव्हा कोणते बोट कुठे आणि अंगठा केव्हा सरकवायचा हे शब्दांत उतरवताना त्याला पानेच्या पाने खर्चावी लागली. १९०२ साली अर्डनेझ या नावाने निघालेल्या अमेरिकन पुस्तकात शंभरावर चित्रे आहेत, तरी ते शिकायला अनेकांना वर्षे लागली. चित्रफीत तीच गोष्ट क्षणात दाखवते. केवळ एक सांभाळावे: शिकवणारा समोर बसलेला असतो, त्यामुळे त्याचा उजवा हात आपल्याला डावीकडे दिसतो. आणि बोटे दाखवणे जमते म्हणून कारण दाखवणेही झाले असे समजू नये. तीन ढिगांचे कारण कॅमेऱ्यात येणारे नाही. त्यासाठी फळा लागतो.

प्रयोगाविषयी एक-दोन गोष्टी. तीन वेळा २७ पाने वाटणे कंटाळवाणे असते, म्हणून वाटताना बोलत राहावे; मात्र मनातला भागाकार सुटेल इतके नको. समोरच्याने ढीग चुकीचा सांगितला तर खेळ फसतो, तेव्हा धरलेले पान त्याने शेजाऱ्याला गुपचूप सांगून ठेवावे. आणि मुलांना पाने देताना चार-पाच जणांत एक कॅट पुरतो, हेही ध्यानात ठेवावे.

शेवटी मुलांसाठी एक काम. पाने उघडी न वाटता पालथी वाटली आणि ढीग तसेच पालथे गोळा केले तर प्रत्येक ढिगातला क्रम उलटतो. (जादूगाराने वाटून झाल्यावर समोरच्याला ढीग हातात घेऊन पाहू द्यावे; क्रम मात्र बदलू देऊ नये.) अशा वेळी पहिल्या आणि तिसऱ्या खेपेचा हिशेब वरीलप्रमाणेच राहतो. फक्त दुसऱ्या खेपेला वरच्या ढिगांऐवजी खालचे ढीग मोजावे लागतात. विसाव्या जागेसाठी आता ढीग मधे, खाली, खाली असा ठेवावा लागेल. एकच खेप का उलटते, हे मुलांनी २७ पाने जमिनीवर मांडून शोधावे.