अर्धस्वयंचलित पिस्तुलांचे वंगण : तेल आणि ग्रीस

अर्धस्वयंचलित पिस्तुलाच्या एकमेकांवर घासणाऱ्या भागांतील घर्षण व झीज कमी करण्यासाठी, तसेच त्या भागांना गंजापासून वाचवण्यासाठी तेल किंवा ग्रीस यांचा वंगण म्हणून वापर केला जातो. या दोहोंपैकी कोणते वापरावे, हा पिस्तूल बाळगणाऱ्यांमधील जुना वाद आहे. वस्तुतः ग्रीस हे तेलाहून सर्वस्वी भिन्न द्रव्य नसून दाट करणाऱ्या पदार्थाच्या जाळीत धरून ठेवलेले तेलच असते. त्यामुळे वादाचा खरा मुद्दा श्रेष्ठत्वाचा नाही. तेल एखाद्या जागी किती काळ टिकायला हवे आणि त्यासाठी हालचालीला किती अडथळा सोसता येईल, एवढाच तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर भागागणिक, फ्रेमच्या धातूनुसार आणि विशेषतः तापमानानुसार बदलते. नेमबाजीच्या मैदानावर वंगणाची निवड चुकली तर फार तर काही गुण जातात. सेवेतील पिस्तूल मात्र महिनोन्‌महिने होल्स्टरमध्ये न वापरता राहते आणि एखाद्या क्षणी विनातक्रार चालावे अशी अपेक्षा असते. तेथे हा प्रश्न जिवाशी येतो.

घर्षणाच्या जागा

९ मि.मी. व त्याहून अधिक शक्तीच्या बहुतेक आधुनिक पिस्तुलांत अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी रूढ केलेल्या पद्धतीचे एखादे रूप आढळते. गोळी सुटल्यावर स्लाइड आणि नळी एकमेकांत अडकलेल्या अवस्थेतच थोडे अंतर मागे सरकतात. मग नळीचा मागचा भाग खाली झुकून पकड सुटते व स्लाइड एकटीच पुढचा प्रवास करते. या प्रवासात रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि मुख्य स्प्रिंग दाबली जाते. ती स्प्रिंग नंतर स्लाइडला पुढे ढकलते, मॅगझिनमधील वरचे काडतूस चेंबरमध्ये जाते आणि नळी पुन्हा स्लाइडमध्ये अडकते.

स्लाइड ज्यांवरून धावते ते फ्रेमवरील रूळ व स्लाइडमधील खाचा, ही घर्षणाची सर्वांत मोठी जागा आहे. स्लाइडच्या तोंडाशी घासणारा नळीचा बाह्य भाग, नळीला खाली ओढणारा उतार किंवा कडी, नळी व स्लाइड अडकतात ते खाचेदार भाग आणि घोडा व चाप यांच्या कण्या या इतर जागा होत. स्लाइड बाहेर काढून पाहिली असता ज्या ठिकाणी रंग वा मुलामा जाऊन धातू चकाकू लागला आहे, तेथे वंगणाची गरज आहे असे समजावे. कोणत्याही सर्वसाधारण आकृतीपेक्षा हा पुरावा अधिक विश्वसनीय असतो.

वंगणाच्या निवडीत एक गोष्ट बहुधा दुर्लक्षित राहते. स्लाइडच्या दोन प्रवासांची ताकद सारखी नसते. मागे जाताना तिला काडतुसाच्या स्फोटाचा जोर मिळतो. परतताना मात्र स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा एवढेच तिचे भांडवल असते आणि त्यातच मॅगझिनमधून काडतूस ओढणे, ते उतारावरून चेंबरमध्ये ढकलणे, त्याची कड आकड्याखाली सरकवणे व नळीची पकड बसवणे ही सगळी कामे उरकावी लागतात. म्हणूनच अतिदाट वंगणाचा दोष बहुधा परतीच्या प्रवासाच्या अखेरीस दिसतो. स्लाइड शेवटचे दोन-तीन मिलिमीटर पुढे जात नाही आणि पिस्तूल झडत नाही.

दुसरी बाब वंगणशास्त्रातील आहे. जर्मन अभियंता रिचर्ड स्ट्रिबेक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले की घर्षणाचे प्रमाण वेग, भार आणि वंगणाची श्यानता (दाटपणा) यांच्या परस्परसंबंधावर अवलंबून असते. सतत फिरणाऱ्या दांड्याखाली तेलाचा अखंड थर तयार होतो व धातू धातूला स्पर्शच करत नाही. पिस्तुलाची स्लाइड प्रत्येक गोळीला दोन्ही टोकांना थांबते. तेथे वेग शून्य होतो आणि असा थर टिकत नाही. त्या क्षणी धातूच्या पृष्ठभागाला चिकटून राहणारा अतिशय पातळ लेपच संरक्षण देतो. त्यामुळे झीजरोधक मिश्रके असलेले पातळ वंगण हे मिश्रके नसलेल्या दाट वंगणाहून सरस ठरू शकते. नुसत्या दाटपणावरून वंगणाची पारख करणे चुकीचे आहे.

तेल

तेलाचा मुख्य गुण म्हणजे त्याचे वाहतेपण. केशाकर्षणामुळे ते अरुंद फटींत आपोआप शिरते, त्यामुळे सुटे न करता येणाऱ्या कण्यांपर्यंत पोहोचण्याचा तोच सोपा मार्ग असतो. गोळीबारात तयार होणारी काजळी ते मऊ ठेवते आणि काही अंशी घासणाऱ्या जागेबाहेर वाहून नेते. थंडीत त्याचा अडथळा ग्रीसपेक्षा कमी असतो.

हेच वाहतेपण त्याचा दोषही ठरते. उभ्या ठेवलेल्या पिस्तुलातील तेल गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते, होल्स्टरच्या चामड्यात वा कापडात शोषले जाते, शरीराच्या उष्णतेने पातळ होते आणि त्यातील हलके घटक हळूहळू उडून जातात. सकाळी तेल दिलेले पिस्तूल दुपारी मैदानावर वापरणाऱ्याला याची झळ लागत नाही. दोन महिने कमरेला असलेल्या पिस्तुलाचे रूळ मात्र उघडल्यावर जवळजवळ कोरडे आढळू शकतात.

सैन्यदलांत सफाई, वंगण व गंजरोध ही तिन्ही कामे एकाच द्रवाने करण्याची पद्धत रूढ झाली. अशा द्रवांना अमेरिकन संज्ञेवरून 'सीएलपी' म्हणतात आणि त्यांच्यासाठी 'मिल-पीआरएफ-६३४६०' हे अमेरिकन लष्करी मानक आहे. पुरवठ्याच्या दृष्टीने ही सोय मोठी असली, तरी तीन कामे करणारे द्रव्य त्यांपैकी प्रत्येक कामात सर्वोत्तम असेलच असे नाही. घरोघरी आढळणाऱ्या डब्ल्यूडी-४० या फवाऱ्याबद्दलही गैरसमज आहे. त्याच्या नावातील अक्षरे पाणी हटवण्याच्या गुणाची निदर्शक आहेत. भिजलेल्या धातूवरील पाणी घालवण्यास तो उपयुक्त असला, तरी मागे राहणारा त्याचा लेप रुळांचे दीर्घकालीन वंगण म्हणून पुरा पडत नाही.

ग्रीस

ग्रीसमध्ये आधारतेल, दाटीकारक आणि मिश्रके असे तीन घटक असतात. दाटीकारक म्हणून बहुधा लिथियम, कॅल्शियम किंवा ॲल्युमिनियम यांचे साबण वापरतात. स्थिर असताना ग्रीस घनासारखे वागते व जागा सोडत नाही. ठरावीक मर्यादेपलीकडे ताण पडला की ते वाहू लागते. स्लाइड हलताच घासणाऱ्या पृष्ठभागाला तेल मिळते आणि ती थांबली की उरलेले ग्रीस तेथेच बसून राहते.

ग्रीसचा घट्टपणा एनएलजीआय या अमेरिकन संस्थेच्या श्रेणीने सांगितला जातो. ही श्रेणी ०००पासून ६पर्यंत आहे. २५° सें. तापमानाला घुसळलेल्या ग्रीसमध्ये ठरावीक वजनाचा शंकू किती खोल रुततो, त्यावरून क्रमांक ठरतो. क्रमांक २च्या ग्रीसमध्ये तो २६.५ ते २९.५ मि.मी. आणि क्रमांक ०मध्ये ३५.५ ते ३८.५ मि.मी. रुततो. वाहनांच्या चाकांसाठी मिळणारे नेहमीचे ग्रीस बहुधा २ क्रमांकाचे असते. पिस्तुलासाठी ०, १ किंवा २ क्रमांकाची ग्रीसे वापरली जातात. थंड प्रदेशात त्यांपैकी मऊ ग्रीस निवडणे शहाणपणाचे असते.

ग्रीसच्या टिकाऊपणाचे सर्वांत बोलके उदाहरण पिस्तुलाचे नसून रायफलीचे आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या एम१ गॅरंड रायफलीतील तेल मुसळधार पावसात धुऊन जाई आणि यंत्रणा जड होऊन अडकू लागे. त्यावर उपाय म्हणून सैनिकांना लुब्रिप्लेट या ग्रीसच्या लहान डब्या दिल्या गेल्या व त्या रायफलीच्या दस्त्यात ठेवता येत असत. पाऊस, घाम आणि दमट हवा यांना तोंड देण्याचा हा गुण कोकण किनाऱ्यासारख्या प्रदेशातही महत्त्वाचा ठरतो.

धूळ व वाळू ही ग्रीसची कमजोर बाजू होय. त्याला चिकटलेले कण बाहेर पडत नाहीत. काजळीसह त्यांचा खरखरीत लेप बनून तो कानसेसारखे काम करतो. ओल्या तेलालाही धूळ चिकटते, परंतु ते पुसून नवे लावणे तुलनेने सोपे असते. निरनिराळ्या दाटीकारकांची ग्रीसे एकावर एक लावणेही टाळावे, कारण काही जोड्या एकत्र आल्या की मिश्रण पातळ होऊन वाहून जाते.

फ्रेमचा धातू

कोल्टच्या एम१९११ पिस्तुलात पोलादी स्लाइड पोलादी फ्रेमवर लांब रुळांवरून धावते. भारतात इशापूरच्या रायफल कारखान्यात तयार झालेले '९ मि.मी. १ए' हे ब्राउनिंग हाय-पॉवरवर आधारित पिस्तूलही पोलादी फ्रेमचेच आहे. अशा पिस्तुलांत तेल आणि ग्रीस दोन्ही चालतात. नियमित देखभाल होत असेल तर तेल पुरते. दोन्ही भाग स्टेनलेस पोलादाचे असतील, तर ते एकमेकांना चिकटून ओरखडले जाण्याची प्रवृत्ती अधिक असते आणि ग्रीसकडे कल झुकतो.

बेरेटा ९२ आणि सिग सावर पी२२६ यांची फ्रेम ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असून तिच्यावर विद्युत्‌रासायनिक क्रियेने ऑक्साइडचा कठीण थर चढवलेला असतो. हा थर शाबूत आहे तोवर पोलादी स्लाइड सुरळीत धावते. तो झिजला की खालचा मऊ धातू झपाट्याने खरवडला जातो आणि स्लाइड बदलता आली तरी फ्रेम पूर्ववत होत नाही. ग्रीसच्या बाजूने सर्वांत सबळ युक्तिवाद याच वर्गात करता येतो. ॲल्युमिनियमवर ग्रॅफाइट वापरणे मात्र धोक्याचे आहे. ओलावा मिळताच दोहोंत विद्युत्‌रासायनिक क्रिया होऊन धातू खाल्ला जातो.

ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८०च्या दशकाच्या आरंभी स्वीकारलेल्या ग्लॉक १७ची फ्रेम पॉलिमरची आहे. तिच्यात अखंड रुळांऐवजी पोलादाचे चार छोटे तुकडे बसवलेले असतात. घासणारे क्षेत्रच लहान असल्याने निर्माता ठरावीक जागी केवळ थेंबभर तेल देण्यास सांगतो. नव्या ग्लॉकच्या स्लाइडवर मात्र तांबूस रंगाचे ग्रीससारखे वंगण असते व ते पुसून काढू नये अशीही सूचना पुस्तिकेत आहे. म्हणजे तेलाची शिफारस करणारा निर्मातासुद्धा भाग एकमेकांवर बसेपर्यंतच्या काळासाठी टिकणारे वंगण पसंत करतो.

तापमान

मुंबईच्या उन्हाळ्यात लोण्यासारखे मऊ असलेले ग्रीस लडाखच्या हिवाळ्यात मेणासारखे घट्ट होऊ शकते. स्प्रिंगचा जोर थंडीने वाढत नाही, त्यामुळे वर सांगितलेला परतीचा प्रवास अशा वेळी अपुरा राहतो. कमी जोराच्या .२२ पिस्तुलांत हा दोष सौम्य थंडीतही दिसतो. गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली पातळ, शीत हवामानासाठी बनवलेले तेल अगदी थोडे वापरणे हाच रूढ उपाय आहे. उलट, सलग गोळीबाराने तापलेल्या पिस्तुलात पातळ तेल लवकर नाहीसे होते आणि ग्रीस अधिक वेळ टिकते.

कोरडे ठेवायचे भाग

सरकणाऱ्या भागांना ग्रीस व फिरणाऱ्या भागांना तेल, असा एक सोपा नियम नेमबाजांत प्रचलित आहे. आरंभासाठी तो ठीक आहे, पण कोणत्या भागांना काहीच लावू नये हे तो सांगत नाही. फायरिंग पिन स्लाइडमध्ये सरकते. तरीही तिच्या पोकळीत ग्रीस वा तेल साचले तर काजळीशी मिसळून पिनेचा वेग मंदावतो आणि प्राइमरवर ठोका हलका पडतो. चेंबरमध्ये तेल राहिल्यास काडतुसाचे पितळी कवच भिंतीला नीट पकडत नाही व स्लाइडच्या तोंडावरील दाब वाढतो. काडतुसांवर झिरपलेले तेल प्राइमर निकामी करू शकते. मॅगझिनचा आतील भाग याच कारणाने कोरडा ठेवतात. गंजाची भीती असल्यास तेलाचा बोळा फिरवून पुन्हा कोरड्या कापडाने पुसतात.

इतिहास

एकोणिसाव्या शतकात बंदुकांसाठी स्पर्म देवमाशाचे तेल नावाजलेले होते, कारण ते थंडीत सहज घट्ट होत नसे व वनस्पतितेलांप्रमाणे चिकट राळ बनवत नसे. ब्रिटिश साम्राज्यात ब्रह्मदेशातील खनिज तेलावरून नाव पडलेले 'रंगून तेल' शस्त्रांसाठी वापरले जाई. अर्धस्वयंचलित पिस्तुलांच्या काळात खनिज तेलेच प्रमुख ठरली. १९११ साली अमेरिकन सैन्याच्या चाचणीत कोल्टच्या पिस्तुलाने ६,००० गोळ्या एकदाही न अडखळता झाडल्या, ही गोष्ट वारंवार सांगितली जाते. पण दर १,००० गोळ्यांनंतर पिस्तूल साफ करून त्याला तेल दिले जात होते, हे क्वचितच सांगितले जाते.

दीर्घ साठवणीसाठी वापरलेले कॉस्मोलीन हे ग्रीससारखे दिसणारे तपकिरी द्रव्य वंगण नसून गंजरोधक लेप आहे. जुन्या साठ्यातील शस्त्रांवर ते मेणासारखे वाळलेले आढळते. असे पिस्तूल वापरण्यापूर्वी मॅगझिन काढून व चेंबर रिकामे असल्याची खात्री करून ते पूर्ण सुटे करावे लागते, नळीपासून फायरिंग पिनेच्या पोकळीपर्यंतचा सर्व लेप विद्रावकाने काढावा लागतो आणि नंतरच नव्याने वंगण द्यावे लागते.