चांदीवरच्या काळ्या थराची वंशावळ

पैंजणांवर, चांदीच्या वाटीवर, देव्हाऱ्यातल्या निरांजनावर काही महिन्यांत काळा थर चढतो आणि सणावारी आपण रांगोळीने किंवा टूथपावडरने तो घासून टाकतो. हा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड, चांदी आणि हवेतला गंधक यांचे संयुग. काही नॅनोमीटर आकाराचे त्याचे स्फटिक आज प्रयोगशाळांत मुद्दाम घडवले जातात. अर्धवाहकांच्या इतिहासात या पदार्थाइतका जुना आणि इतका उपेक्षित पदार्थ दुसरा नसेल.

1833 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी सिल्व्हर सल्फाइडचा तुकडा तापवला. धातू तापला की त्यातून वीज वाहायला अडचण वाढते. इथे उलटे घडले: तुकडा तापला तशी वीज सहज वाहू लागली, निवला तशी पुन्हा अडली. अर्धवाहकाच्या गुणधर्माची ही पहिली नोंद मानली जाते. त्याचा उलगडा करणारी क्वांटम यांत्रिकी यायला पुढे जवळजवळ शंभर वर्षे लागली.

दरम्यान सल्फाइड दुसऱ्याच दाराने मोठ्या उद्योगात शिरले, आणि तेही कोणाच्या नकळत. छायाचित्राची प्लेट म्हणजे जिलेटिनमध्ये पसरलेले सिल्व्हर ब्रोमाइडचे कण. 1882 मध्ये जॉर्ज ईस्टमन यांच्या प्लेटा अचानक मंद निघू लागल्या. गिऱ्हाइके माल परत करू लागली, धंदा बुडायची वेळ आली. सूत्र तेच, हात तेच. शेवटी दोष सापडला तो नव्या जिलेटिनमध्ये. पण चांगल्या जिलेटिनमध्ये असते काय, हे कोणालाच सांगता येईना. 1913 मध्ये दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित केला, तेव्हाही फिल्म प्रकाशाला एवढी संवेदनशील का, याचे पूर्ण उत्तर जगात कोणाकडे नव्हते.

ते मिळाले 1925 मध्ये, रॉचेस्टरच्या कोडॅक प्रयोगशाळेत. सॅम्युअल शेपर्ड यांनी दाखवले की जिलेटिनमध्ये अत्यल्प प्रमाणात मोहरीच्या तेलातल्यासारखी गंधकयुक्त द्रव्ये असतात. जिलेटिन जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनते आणि ही द्रव्ये त्यांच्या चाऱ्यातून येतात. त्यातला गंधक ब्रोमाइडच्या कणावरच्या चांदीशी जुळून सल्फाइडचे अतिसूक्ष्म ठिपके बनवतो. प्रकाशाने सुटलेला इलेक्ट्रॉन या ठिपक्यांपाशी अडकतो, तिथेच चांदीचे अणू जमतात आणि डोळ्यांना न दिसणारी प्रतिमा तयार होते. गर्नी आणि मॉट यांनी 1938 मध्ये या घडामोडीचा सिद्धांत मांडला. मला हा या कथेतला सर्वांत विलक्षण टप्पा वाटतो. ‘नॅनो’चा बोलबाला होण्याच्या कितीतरी आधी कारखान्यांत अर्धवाहकाचे सूक्ष्म ठिपके ठरवून घडवले जात होते.

पुढचा धागाही कोडॅकचाच. 1967 मध्ये तिथल्या चेस्टर बेरी यांनी सिल्व्हर आयोडाइड आणि ब्रोमाइडचे अतिसूक्ष्म स्फटिक मोजले. स्फटिक लहान झाला की त्याची प्रकाशशोषणाची सीमा कमी तरंगलांबीकडे सरकते, हे त्यांना दिसले. पदार्थ तोच, पण आकार बदलला की रंग बदलतो: आज आपण ज्याला क्वांटम डॉट म्हणतो त्याची खूण हीच. 1980 च्या दशकात येकिमॉव्ह यांनी काचेतल्या कॉपर क्लोराइडमध्ये आणि ब्रस यांनी द्रावणातल्या कॅडमियम सल्फाइडमध्ये ती दाखवली. 1993 मध्ये बावेंडी यांनी तापलेल्या द्रावकात घटकद्रव्ये एकदम सोडून एकसारख्या आकाराचे स्फटिक घडवण्याची रीत दिली. या तिघांना 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पण ही सगळी भरभराट मुख्यतः कॅडमियम आणि शिशाच्या संयुगांवर उभी होती आणि दोन्ही विषारी. म्हणून संशोधक पुन्हा चांदीकडे वळले. 2010 मध्ये चीनमधल्या सुचौ इथल्या गटाने चांदी आणि गंधक दोन्ही एकाच रेणूत असलेले संयुग तापवून सल्फाइडचे नॅनोस्फटिक मिळवले. ते सुमारे 1058 नॅनोमीटरवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यात चमकत होते. या पट्ट्यात शरीरातल्या ऊती प्रकाश कमी विखुरतात, त्यामुळे खोलवरचे दिसते. 2012 मध्ये स्टॅनफर्डच्या सहकाऱ्यांबरोबर अशाच स्फटिकांनी जिवंत उंदरांतल्या गाठींची चित्रे घेतली गेली. सल्फाइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे चांदीचे आयन सुटण्याची भीतीही कमी.

ही वाट सोपी मात्र नाही. चांदीचे आयन स्फटिकात सहज सरकतात, म्हणून आकार काबूत ठेवणे कठीण. कॅडमियमच्या स्फटिकांच्या शोषणालेखात ठळक शिखर असते आणि त्यावरून आकार ताडता येतो. सल्फाइडचा आलेख बहुधा नुसता उतरता असतो. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, क्ष-किरण विवर्तन आणि प्रकाशउत्सर्जन या तिन्ही साक्षी जुळवून पाहाव्या लागतात. त्यातही तीव्र इलेक्ट्रॉन झोताखाली स्फटिकातून चांदी बाहेर पडू शकते, म्हणजे पाहता पाहताच नमुना बदलू शकतो. सिलिकॉनचा साधा कॅमेरा सुमारे 1100 नॅनोमीटरपलीकडे आंधळा होतो, म्हणून इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचे महागडे शोधक लागतात.

क्वांटम डॉटचा इतिहास सांगताना सुरुवात 1980 च्या दशकापासून करण्याची पद्धत पडली आहे. ती अपुरी आहे. तिघांचे नोबेल योग्यच, पण शेपर्ड आणि बेरी यांना वगळून लिहिलेली वंशावळ अर्धवट आहे.