तेर्स : तिसऱ्या हिश्शाची कुळकथा

गोव्यातल्या कॅथलिक घरांत दिवेलागणीनंतर जपमाळ घेऊन जी प्रार्थना होते, तिला ‘तेर्स’ म्हणतात. कोकणीने हा शब्द पोर्तुगिजांकडून घेतला. मुळात त्याचा अर्थ ‘तिसरा हिस्सा’. देवाच्या आळवणीला अपूर्णांकाचं नाव मिळालं, त्याची कथा मध्ययुगीन युरोपातल्या मठांत सुरू होते.

या मठांत बायबलमधली 150 स्तोत्रं लॅटिनमधून म्हणत. पण शेतात, गोठ्यात, स्वयंपाकघरात राबणाऱ्या अनेक मठवासीयांना अक्षरओळखच नसे. त्यांनी स्तोत्रांऐवजी प्रभूची प्रार्थना म्हणायची आणि ती मोजायला दोरीतले मणी ओढायचे. 1268च्या सुमारास पॅरिसमधल्या व्यवसायांचे नियम लिहून काढले गेले. त्यांत हाडा-शिंगांचे, पोवळ्या-शिंपल्यांचे, तृणमण्यांचे जपमणी घडवणाऱ्यांची वेगवेगळी प्रकरणं आहेत. इंग्रजीत तर मण्याला म्हणतात तो ‘बीड’ हा शब्दच मुळी प्रार्थनेचा होता; मोजता मोजता तो मण्याला चिकटला.

पुढे प्रभूच्या प्रार्थनेच्या जागी बहुतेक मण्यांवर ‘नमो मरिया’ ही मरियामातेची प्रार्थना आली. मरियामातेने ही माळ स्वतः संत दोमिनिकच्या हाती दिली, ही परंपरा भाविकांच्या मनात घट्ट आहे. जुन्या नोंदींत मात्र ती अनेकांच्या हातून, हळूहळू घडत गेलेली दिसते. त्याने माझी श्रद्धा उणावत नाही, उलट मला गहिवरून येतं. पंधराव्या शतकाच्या आरंभी ट्रिअरच्या मठात प्रशियाचा दोमिनिक नावाच्या दुसऱ्याच एका साधूने पन्नास ‘नमो मरियां’ना येशूच्या चरित्रातला एकेक प्रसंग जोडला. मोजणी बोटांकडे गेली आणि मन पाहायला मोकळं झालं.

त्या प्रसंगांचीच पुढे पंधरा ‘रहस्यं’ ठरली : पाच आनंदाची, पाच दुःखाची, पाच गौरवाची. प्रत्येकाला दहा मणी, म्हणजे पुन्हा स्तोत्रांइतकेच दीडशे. 1569 साली पोप पाचवे पायस यांनी या रूपावर शिक्कामोर्तब केलं. दिवसभराच्या कामातून एका बैठकीला पाचच रहस्यं व्हायची. तो पंधरातला तिसरा हिस्सा, तोच तेर्स. 2002मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रकाशाची पाच रहस्यं वाढवली. आता हिशेबाने तेर्स चौथा हिस्सा झाला, पण नाव कोणी बदललं नाही.

आनंदाची रहस्यं मला फार जवळची वाटतात. एका मुलीला दिवस राहणार असल्याची वार्ता. मग तिचं डोंगराळ वाटेने, उतारवयात गरोदर राहिलेल्या नातलग बाईकडे जाणं. परगावी, गोठ्यात बाळंतपण. बाळाला देवळात नेणं. आणि सणाच्या गर्दीत हरवलेला बारा वर्षांचा मुलगा तीन दिवसांनी सापडणं. यातलं काय आपल्या घरांत घडत नाही? देव इथे सिंहासनावर शोधायचा नाही; तो पोटुशीच्या पावलांत आणि घाबऱ्या आईच्या शोधात आहे. म्हणून दिवसभराच्या कष्टांनी थकलेली बाई मणी धरते, तेव्हा संसार बाजूला ठेवावा लागत नाही. तोच मण्यांत येतो.

गोव्यात तेर्स हा शब्द आला तो पोर्तुगीज सत्तेबरोबर. त्या सत्तेने 1684मध्ये तीन वर्षांत कोकणी सोडण्याचं फर्मानही काढलं. आज घराघरांत तेर्स कोकणीत चालतो. नाव तेवढं पोर्तुगीज राहिलं, बोल आईचेच आहेत.

तेर्स मुंबईतही आला. धोबीतलावच्या आसपास गोव्यातल्या गावोगावच्या लोकांनी ‘कूड’ उभारले. बोटीवरच्या नोकरीसाठी आलेले खलाशी, आचारी तिथे पेट्या रचून राहत. खोलीत एक वेदी असे, आणि संध्याकाळी तिच्यापुढे सगळ्यांनी मिळून तेर्स म्हणायचा, हा कूडचा नियम. कुणाला उद्या बोट मिळायची, कुणी महिनोन्‌महिने वाट पाहत असायचा. शेजारी गुडघे टेकलेला गाववाला हेच त्याचं घर.

गावातल्या घरात तेर्स संपला की पोरं एकेका थोरल्यापुढे हात जोडून उभी राहतात आणि ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागतात. आजी आधी हातातली माळ खुंटीला अडकवते, मग नातवाच्या डोक्यावर हात ठेवते. तोवर आत कुणीतरी ताटं मांडायला घेतलेली असतात.