दार उघडणारे गाव



दुपारी बेल वाजली की मी आधी दाराच्या भिंगातून बघते. माणूस अनोळखी असेल तर साखळी काढतच नाही. म्हणूनच फ्रान्समधल्या एका खेड्याचा इतिहास वाचताना मी जरा वरमले.

ल शांबों-स्यूर-लिन्यों हे ते गाव. ओत-ल्वार जिल्ह्यात, साधारण १००० मीटर उंचीच्या पठारावर, लिन्यों नदीकाठी वसलेले. हिवाळा लांबलचक, बर्फ भरपूर, भोवती जंगल आणि दूरदूर विखुरलेली दगडी शेतघरे. कॅथलिक फ्रान्समध्ये इथले बहुतेक लोक प्रोटेस्टंट. १६८५ मध्ये चौदाव्या लुई राजाने या पंथावर बंदी घातली, तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी लपूनछपून प्रार्थना केल्या. ती आठवण घराघरांत जपली गेली. पुढे विसाव्या शतकात स्वच्छ हवेसाठी शहरातली मुले उन्हाळ्यात इथे येऊ लागली आणि त्यांना ठेवून घेणारी घरे गावात वाढली.

१९४० मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे हरला. ज्यू लोक जीव मुठीत धरून पळू लागले. त्या हिवाळ्यात पाद्री आंद्रे त्रोक्मे यांच्या घराचे दार वाजले. त्यांच्या पत्नी मागदा स्वयंपाकघरात चुलीत लाकडे घालत होत्या. दारात बर्फाने भिजलेली एक जर्मन ज्यू बाई उभी होती. मागदाबाईंनी तिला आत घेतले, जेवू घातले.

नंतर येणारे वाढतच गेले. कुणी मुलांना शेतघरात ठेवले, कुणी खोटी ओळखपत्रे बनवली. ऑगस्ट १९४२ मध्ये पोलीस बसगाड्या घेऊन आले, पण लोक आधीच रानात पांगले होते. पोलीस जवळजवळ रिकाम्या हातांनी परतले. याची किंमतही मोजावी लागली. पाद्र्यांच्या नात्यातले दानिएल त्रोक्मे यांना १९४३ मध्ये त्यांच्याकडच्या विद्यार्थ्यांसोबत पकडले. १९४४ मध्ये मायदानेकच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला. १९९० मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने या गावाचा आणि शेजारच्या गावांचा सन्मान केला.

अभयदान हे सर्वांत श्रेष्ठ दान, असे आपण लहानपणापासून ऐकतो. मी मात्र दान म्हटले की धान्य, कपडे, पैसे एवढेच मोजत आले. त्या बायकांनी भाकरीबरोबर स्वतःच्या मुलाबाळांची सुरक्षितताही पणाला लावली. ज्यांच्या आजी-पणजीने लपण्याचे दिवस काढले, त्यांना दारातल्या माणसाची भीती ओळखीची वाटली असेल.

साखळी मी अजूनही लावते. पण आता भिंगातून बघताना मनात येते, पलीकडचाही घाबरलेला असू शकतो.