कक्कूस

तिरुवैयारु म्हणजे पाच पवित्र नद्यांचं गाव. तिरु, ऐ, आरु असे त्याचे तुकडे सहज सुटतात. याच गावी त्यागराजांच्या आराधनेला, पौष वद्य पंचमीला गेले होते, तेव्हा तमिळमध्ये न सुटणारा एक शब्द कानावर आला. यजमानांच्या घरातल्या आजी तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. मी संकोचून जागा विचारली. त्यांनी मागच्या अंगणाकडे बोट केलं, “कक्कूस तिकडे.” सूनबाई आतून म्हणाल्या, “आई, बाथरूम म्हणा.”

शब्द डच आहे. ‘काक’ म्हणजे विष्ठा आणि ‘हाउस’ म्हणजे घर. इथून पूर्वेला, समुद्रावरचं नागपट्टणम १६५८ ते १७८१ डचांकडे होतं. व्यंकोजीराजांनी ३० डिसेंबर १६७६ रोजी त्यांच्याशी केलेला करार रुप्याच्या पत्र्यावर तमिळमध्ये कोरलेला आहे. हा शब्द मात्र कुठल्याही कराराविना आत शिरला. सिंहलीत तो कक्कुस्सिय झाला, इंडोनेशियात काकुस. आफ्रिकान्स ही डचचीच लेक, तिथे ‘काक’ ही शिवी आहे. सभ्य माणसं त्या जागेला ‘छोटं घर’ म्हणत. आणि खुद्द हॉलंडात आता ‘टॉयलेट’ किंवा ‘डब्ल्यूसी’!

आपलीही तीच लपवाछपवी. पायखाना म्हणजे पायांचं घर. शौच म्हणजे तर शुद्धी. डच शब्द तेवढा जे आहे ते सांगतो, पण तमिळ कानाला त्यातलं ‘काक’ कळत नाही, म्हणून परका शब्द पडद्यासारखा वापरता आला. पुढे पडद्यालाच वास लागला. आता पाट्यांवर ‘कळिप्परै’ असतं.

माझी अडचण एका तमिळ कथेची होती. तिच्यातली बाई दुसऱ्यांचे कक्कूस साफ करते. हातानं मैला उचलायला लावणं २०१३च्या कायद्यानं बंद आहे. तरी २०१७ साली दिव्या भारतींना सफाई कामगारांवर माहितीपट करावा लागला, आणि त्याचं नाव ‘कक्कूस’च आहे. माझ्या पहिल्या खर्ड्यात त्या बाईच्या तोंडी ‘शौचालय’ होतं. वाचून पाहिलं तर ती नगरपालिकेची सूचना वाचत असल्यासारखी वाटली. ‘संडास’ केल्यावर ती माणसासारखी बोलू लागली. पण कथेतली मालकीण ‘बाथरूम’ म्हणते आणि ही ‘कक्कूस’, जागा एकच. ते अंतर ‘संडास’नं अर्धंच भरलं. शेवटी एका ठिकाणी, जिथे दोघी समोरासमोर येतात तिथे, कक्कूस तसाच ठेवला. संपादकांनी तळटीप मागितली, दिली नाही.

निघताना आजींना विचारलं, तुमच्या लहानपणी घरात याला मराठीत काय म्हणत? त्या जरा थांबल्या.

“तेव्हा घरात नव्हतंच. आम्ही नदीकडे जायचो.”