प्रवरपुराच्या दोन टेकड्या

वर्धा जिल्ह्यात बोर धरणाजवळ असलेल्या हिंगणी गावाहून दक्षिणेकडे निघाले म्हणजे काही कोसांवर धाम नदीच्या काठी पवनार लागते. नागपूर-वर्धा मार्गाने जाणारा प्रवासी येथे सहसा थांबतो तो विनोबांच्या आश्रमासाठी. महात्मा गांधींच्या अस्थींचे विसर्जन १९४८ साली याच धामच्या पात्रात झाले आणि तेथील छत्री पुलावरूनही दिसते. इतिहासाच्या विद्यार्थ्याचे लक्ष मात्र नदीकाठच्या टेकाडाकडे आणि गावाखालच्या पांढरीकडे जावयास हवे. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याने वसविलेली प्रवरपूर ही राजधानी येथेच होती, असे विदर्भातील अभ्यासक अर्ध्या शतकाहून अधिक काळ मानीत आले. हा समज आता पूर्वीइतका निर्वेध राहिलेला नाही. रामटेकजवळच्या मनसर येथील दुसऱ्या एका टेकडीने त्यावर हक्क सांगितला आहे.

प्रश्नाचे मूळ ताम्रपटांत आहे. रुद्रसेन दुसरा आणि चंद्रगुप्त विक्रमादित्याची कन्या प्रभावतीगुप्ता यांचा पुत्र प्रवरसेन इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात राज्य करीत होता. त्याचा अकराव्या राज्यवर्षाचा बेलोरा ताम्रपट नंदिवर्धनहून दिलेला आहे. अठराव्या वर्षाचा प्रसिद्ध चम्मक ताम्रपट, ज्याने भोजकट राज्यातील चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिले, तो प्रवरपुराहून. म्हणजे या मधल्या काळात केव्हातरी राजाने आपले आसन हलविले. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन, याविषयी आज फारसा वाद नाही. प्रवरपूर कोठले, हे मात्र कोणत्याही ताम्रपटात सांगितलेले नाही. त्या काळी ते सांगण्याचे कारणही नव्हते. राजधानी कोठे आहे हे दान घेणाऱ्यास ठाऊकच असे.

पवनारच्या बाजूने हा पक्ष मांडला तो महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी. त्यांच्या विवेचनाला आधार होता तो पवनारला मिळालेल्या शिल्पांचा. विनोबा १९३८ साली येथे राहावयास आल्यानंतर आश्रमाच्या जमिनीत खणताना जे शिल्पपट निघाले, त्यांतील एकात राम आणि भरत यांची भेट कोरली आहे, असे ओळखले गेले. विनोबांनी त्याआधीच, १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीतेवरील प्रवचनांत, भरत-रामाच्या भेटीचे चित्र कसे असावे याचा विचार मांडला होता. त्यामुळे या पटाला आश्रमात जे स्थान मिळाले ते केवळ पुरातत्त्वाचे नव्हते. मिराशींनी आणखी काही पटांत रामायणातील प्रसंग पाहिले, प्रवरसेनाच्या नावावर असलेल्या ‘सेतुबंध’ या प्राकृत काव्याकडे आणि प्रभावतीगुप्तेच्या रामगिरिस्वामीवरील भक्तीकडे लक्ष वेधले, व प्रवरसेनाने आपल्या नव्या राजधानीत रामाचे भव्य मंदिर उभारले असावे, असा निष्कर्ष काढला. ‘प्रवरपूर’ आणि ‘पवनार’ या नावांतील जवळीकही त्यांच्या पक्षाला अनुकूल होती.

हा युक्तिवाद सुंदर आहे, आणि त्याचा दुबळेपणाही त्या सौंदर्यातच आहे. शिल्पांवरून पवनारला वाकाटककाळी एक महत्त्वाचे मंदिर होते एवढे सिद्ध होते. ते नगर राजधानी होते हे सिद्ध होत नाही. काही पटांच्या ओळखीविषयीही पुढे मतभेद झाले. नागपूर विद्यापीठाने १९६७ साली शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनांच्याही आधीपासून मध्ययुगापर्यंतच्या वसाहतीचे थर उघडकीस आले. एवढ्या दीर्घकाळ सलग नांदलेले गाव वर्धा खोऱ्यात मोठ्या महत्त्वाचे होते यात संशय नाही. परंतु प्रवरपूर हे नाव उच्चारणारा लेख त्या थरांतून हाती आला नाही.

गावाला स्वतःची आख्यायिका आहे, आणि ती वाकाटकांना ओळखत नाही. येथे पवन नावाचा राजा होता, त्याच्याजवळ परीस होता; तो रयतेकडून सारा म्हणून नांगराचे लोखंडी फाळ घेई आणि परिसाने त्यांचे सोने करी, अशी कथा सांगितली जाते. गावाचे नाव ती या राजावरून लावते. ज्या कृषिजीवी प्रदेशात सारा हा नेहमीच सर्वांत मोठा प्रश्न होता, तेथे अशी कथा का रुजावी हे समजण्यासारखे आहे. राजधानीच्या स्मृतीचा मात्र तीत मागमूस नाही.

टेकडी, कथा आणि उत्खनन यांचा असाच गुंता सोडविण्याचा यत्न इंग्लंडात एका ठिकाणी फार काळ चालला आहे, आणि त्याची तुलना येथे उपयोगी पडते. कॉर्नवॉलच्या खडकाळ उत्तर किनाऱ्यावर, समुद्रात घुसलेल्या आणि केवळ एका अरुंद मानेने भूमीशी जोडलेल्या कड्यावर टिंटॅजेल हे स्थान आहे. मॉनमथचा जेफ्री या लेखकाने ११३६ च्या सुमारास लिहिलेल्या लॅटिन इतिहासग्रंथात आर्थर राजाचा गर्भसंभव या ठिकाणी झाला असे सांगितले. पुढे सुमारे शंभर वर्षांनी, १२३३ साली, राजा तिसरा हेन्री याचा भाऊ रिचर्ड याने ही जागा मिळविली आणि तेथे किल्ला बांधला. आज प्रवासी जे भग्न तट पाहतात ते या रिचर्डचे, आर्थरचे नव्हेत. लष्करी दृष्टीने त्या जागी किल्ला बांधण्यात फारसा अर्थ नव्हता. कथेमुळेच तो बांधला गेला असावा, असे अनेक इतिहासकार मानतात. किल्ल्यामुळे कथा जन्मली नाही. कथा आधी होती आणि तिने किल्ला उभा केला.

कुदळीने तेथे दिलेली साक्ष कथेपेक्षा निराळी, पण कमी रंजक नाही. १९३० नंतरच्या दशकात रॅडफर्ड यांनी तेथे उत्खनन करून ते आद्य ख्रिस्ती मठाचे अवशेष ठरविले आणि पन्नास वर्षे ते मत पाठ्यपुस्तकांत राहिले. १९८३ साली कड्यावरचे गवत पेटले, वरची माती उघडी पडली आणि पूर्वी न दिसलेल्या अनेक इमारतींचे पाये दिसू लागले. पाचव्या-सहाव्या शतकांत भूमध्य समुद्राच्या पूर्वभागातून आणि उत्तर आफ्रिकेतून आलेल्या तेलामद्याच्या कुंभांची खापरे तेथे विपुल आहेत. त्यावरून मठाची कल्पना मागे पडली व ते एखाद्या स्थानिक सत्ताधीशाचे आसन असावे असे मत पुढे आले. १९९८ साली ‘आर्टोग्नू’ असे नाव कोरलेला पाटीचा दगड सापडताच वृत्तपत्रांनी आर्थर सापडल्याचे जाहीर केले. अभ्यासकांनी ते दुसरेच नाव असल्याचे सांगितले. लेख मिळाला तरी तो ज्याचा शोध चालू आहे त्याचाच असतो असे नाही, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

आता मनसर. नागपूरच्या उत्तरेस जबलपूरच्या रस्त्यावर, मँगनीजच्या खाणींमुळे परिचित असलेल्या या गावाशेजारी हिडिंबा टेकडी आहे. नाव महाभारतातले, टेकडीतल्या विटांशी त्याचा काही संबंध नाही. टी. ए. वेलस्टेड या खाणीवरील अधिकाऱ्याने १९३३ साली येथील अवशेषांची टिपणे प्रसिद्ध केली होती. १९७२ साली येथे मिळालेली शिवाची लठ्ठ, प्रसन्न मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. परंतु टेकडीचे खरे रूप कळले ते जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी १९९७-९८ पासून केलेल्या उत्खननात. टेकडीच्या माथ्यावर विटांचे विशाल शैव मंदिर, त्याच्या पोटात चुन्याने घडविलेली पुरुषाकृती आणि पायथ्याच्या परिसरात राजवाड्यासारखी वास्तू असा संच समोर आला. मातीच्या मुद्रांकनांत ‘प्रवरेश्वरस्य’ अशी अक्षरे वाचली गेली. प्रवरसेनाच्या काही दानपत्रांत प्रवरेश्वराच्या देवकुलस्थानाचा निर्देश आहेच. तेव्हा हिडिंबा टेकडी हेच ते देवकुलस्थान आणि त्याच्या पायथ्याची वास्तू हेच प्रवरपूर, असे हान्स बाकर या डच अभ्यासकाने २००८ साली ग्रंथरूपाने मांडले.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. मुद्रांकन ही जंगम वस्तू आहे. ते पत्राला किंवा गाठोड्याला लावलेले असते आणि त्याच्याबरोबर प्रवास करते. तर्कतः पाहता ते जेथे सापडते ते पाठविण्याचे नव्हे, पोचण्याचे ठिकाण असू शकते. टिंटॅजेलला भूमध्य समुद्राकाठचे कुंभ सापडले म्हणून कोणी टिंटॅजेलला भूमध्य समुद्राकाठी नेत नाही. मनसरची बाजू बळकट होते ती केवळ मुद्रांकनामुळे नव्हे, तर त्या मुद्रेवरील देवतेला शोभेल असे शैव मंदिर त्याच टेकडीवर, त्याच काळाच्या थरांत उभे आहे म्हणून. प्रवरेश्वर मनसरला होता हे मान्य करण्यास यामुळे पुरेसा आधार मिळतो. प्रवरपूरही तेथेच होते, ही पुढची पायरी आहे. ती संभाव्य आहे. पण पहिलीइतकी पक्की नाही.

या पायरीवर घेतला जाणारा आक्षेप असा की नंदिवर्धन आणि मनसर यांत अंतर अवघे तीनचार कोसांचे. एवढ्याशा अंतरासाठी राजधानी कोण हलवील? पवनारचा पक्ष येथे सोयीचा वाटतो, कारण तो राजाला खरोखरच दुसऱ्या खोऱ्यात नेतो. परंतु राजधानी हलविणे म्हणजे राज्याचे केंद्र दूर नेणे, ही धारणा नंतरच्या काळाची आहे. आईच्या दीर्घ कारभाराच्या छायेतून बाहेर पडलेल्या राजाने जुन्या नगराजवळच, पण आपल्या नावाच्या देवतेच्या पायथ्याशी, नवे आसन मांडावे हे असंभाव्य नाही. प्रभावतीगुप्तेच्या नावाचे मुद्रांकन नगरधनच्या अलीकडच्या उत्खननात, २०१५ ते २०१८ या वर्षांत, मिळाले आहे. आईची मुद्रा नगरधनला आणि पुत्राच्या देवाची मनसरला, ही जोडी दुर्लक्षिण्यासारखी नाही.

मग पवनारचे काय? वर्धेकडील अभ्यासकांना ही हानी वाटावी हे स्वाभाविक आहे. जिल्ह्याच्या हातून एक राजधानी जाते. पण पवनारचे शिल्पपट कोणी मनसरला नेलेले नाहीत. धामच्या काठी वाकाटककाळी इतक्या निपुण हाताचे शिल्पकार कोणासाठी काम करीत होते, त्या मंदिराला जमीन कोणी दिली, आणि पाचव्या शतकात या गावाला काय म्हणत असत, हे प्रश्न राजधानीच्या वादाखाली दबून राहिले होते. गावाची बरीचशी पांढर आजही राहत्या घरांखाली आहे. पावसाळ्यानंतर नदीकाठचा कापलेला उतार पाहणाऱ्यास विटांचे तुकडे आणि खापरे थरांसकट दिसतात. १९६७ चा अहवाल बरोबर ठेवून ते पाहिले म्हणजे कोणता थर कोणत्या काळाचा हे जागेवरच पडताळता येते.